गवताच्या काढ्यात एक रात्र

नाकाला रुमाल लावू नका, परके म्हणून लगेच ओळखू याल. तोंडानं श्वास घ्या आणि चालत राहा. पायाखाली दगडी गोट्यांचा रस्ता आहे. गोट्यांमधल्या फटींत घोड्यांची लीद बसली आहे, आणि मोटार नावाचं वाहन अजून जन्मालाच आलेलं नसल्यामुळे ती रोज नव्यानं बसते. त्यात दगडी कोळशाचा धूर मिसळलाय, बिअरच्या भट्ट्यांचा आंबूस दर्प मिसळलाय, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून शिजणाऱ्या कोबीचा वाफारा येतोय. चर्चच्या घंटा सुरू झाल्यात. एकीचा ठोका विरतो न विरतो तोच नदीपलीकडून दुसरी. आज रविवार, ३० एप्रिल १८७६. गावाचं नाव ब्रेस्लाऊ. पुढे कधीतरी ते पोलंडमध्ये जाईल आणि त्याला व्रॉत्सवाफ म्हणू लागतील, पण हे इथं कुणाजवळ बोलू नका.

तुमच्या अंगावर जाड लोकरी कोट आहे. खळ देऊन कडक केलेली कॉलर मानेला कापते आहे. ती सैल करायची नाही. रविवारी सभ्य माणूस कॉलर सैल करत नाही. थोडा वेळ आहे, तेव्हा चौकातल्या नगरभवनाखालच्या तळघरात डोकावू. इथं कित्येक शतकं बिअर विकली जाते. बुटक्या कमानी, तंबाखूच्या धुराचा थर, बाकांवर मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. शहाजिरं घातलेला काळसर पाव, कच्चा कांदा, गरम सॉसेज. तुम्हाला ढोसून आत सरकलेला माणूस मेंढपाळ असावा, कारण त्याच्या कोटाला लोकरीचं तेल लागलंय आणि ते वासावरून कळतंय. तो मेंढ्यांबद्दलच बोलतोय. संध्याकाळी चांगली चरत होती, सकाळी पाय ताणून पडलेली. रक्त काळं. पुरली हो, खोल पुरली. पण पुढच्या वर्षी त्याच रानात चरायला सोडली ती पुन्हा गेली. जमीनच बाधते म्हणायची.

हा रोग म्हणजे अँथ्रॅक्स, आपल्याकडची काळपुळी. आणि जमीन कशी बाधते हे दाखवायला एक गृहस्थ आज दुपारी या गावात येणार आहे. बिअर संपवा, निघू.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फर्डिनांड कोन यांच्या संस्थेत शिरताना आधी वास तुम्हाला गाठतो. गवत. वाळलेलं नव्हे, शिजवलेलं: गोडसर, उबट, वैरणीच्या खोलीत पाऊस गळल्यावर येतो तसला. त्याच्या मागून दुसरा, जरा उग्र वास येतो, तो शलगम आणि चीज एकत्र उकळल्याचा. घाबरू नका, जेवण नाही ते. लंडनच्या बॅस्टियन नावाच्या डॉक्टरांचा दावा आहे की शलगम-चीजचा अर्क उकळून, बाटली बंद करून ठेवली तरी त्यात जीव आपोआप जन्माला येतात. कोन यांनी तो अर्क स्वतः करून पाहिला. जीव खरंच दिसले. फक्त ते आपोआप आले होते यावर कोन यांचा विश्वास बसला नाही.

जरा मोठ्यानं बोला. कोन यांना लहानपणापासून कमी ऐकू येतं. म्हणून या खोलीत सगळेच थोडे चढ्या आवाजात बोलतात, आणि नव्या माणसाला इथं भांडण चालू आहे असं वाटतं. प्राध्यापक अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. याच गावात जन्मले, याच विद्यापीठात शिकले. पण ज्यू असल्यामुळे पदवी इथं मिळेना, ती बर्लिनला जाऊन घ्यावी लागली. आता तेच विद्यापीठ त्यांच्या नावावर मिरवतं.

काढा कसा करतात तो पाहून घ्या, पुढे लागणार आहे. मूठभर वाळलेलं गवत जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात चार तास ३६ अंशांच्या उबेत ठेवायचं. पाणी निथळून घ्यायचं. ते तासभर मंद उकळायचं. मग पुन्हा त्याच उबेत ठेवून द्यायचं आणि शांतपणे घरी जायचं. तासभराच्या उकळीत काही जिवंत राहत नाही, अशी त्या काळच्या शहाण्या माणसांची समजूत. पण दुसऱ्या दिवशी पाहावं तर पिवळसर पाण्यावर पातळ, सुरकुतलेली साय धरलेली! त्या सायीचा कण काचपट्टीवर घेतला की भिंगाखाली काड्याच काड्या दिसतात. हाच बॅसिलस सबटिलिस, गवतातला जिवाणू. हे नाव कोन यांनीच चार वर्षांपूर्वी नक्की केलं.

दार वाजलं. आत आलेला माणूस बत्तीस वर्षांचा, चष्मेवाला, दाढीवाला, आणि प्राध्यापकांच्या खोलीत कुठं उभं राहावं हे न कळलेला. वोल्श्टाइन नावाच्या आडगावचा सरकारी डॉक्टर, रॉबर्ट कॉख. सकाळी रुग्ण पाहायचे, आणि उरलेल्या वेळात दवाखान्याच्याच खोलीत पडद्याआड प्रयोग करायचे. त्याच्या सामानात सूक्ष्मदर्शक आहे, काचपट्ट्या आहेत, रोगी जनावरांचा नमुना आहे आणि जिवंत उंदीर आहेत. उंदरांना लघवीचा वास येतोच, आणि घाबरलेल्या उंदरांना जास्त येतो. तेव्हा खोलीतल्या गवताच्या सुगंधाला आता चांगलाच शह बसलाय. नमुन्याला हात लावू नका. आजच्या हिशेबानं हा माणूस काळपुळी खिशात घालून प्रवास करून आलाय.

पुढले तीन दिवस तुम्ही भिंतीला टेकून उभे राहणार आहात. कॉख फार बोलत नाही, करून दाखवतो. बैलाच्या ताज्या डोळ्यातलं पाणी काचपट्टीवर थेंबभर घेतो, त्यात मेलेल्या उंदराच्या प्लीहेचा कण सोडतो, वर पातळ काच झाकतो आणि ऊब देतो. मग वाट बघायची. वाट बघताना पाय दुखतात, दिव्याच्या तेलाचा वास डोक्यात चढतो, आणि भिंगाला लावलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागतं, कारण एका बारीक गोल उजेडाकडे टक लावून बघायची त्या डोळ्याला सवय नाही. तुमची पाळी आली की वाका. पापणी भिंगाला लावू नका. दिसलं? काड्या वाढून लांब धागे झालेत, एकमेकांत गुंतलेले. काही तासांनी पुन्हा बघा: धाग्यांच्या आत ओळीनं लखलखणारे ठिपके. धागा विरून जातो, ठिपके तेवढे उरतात. हेच बीजाणू. ते वाळवा, महिनोन्‌महिने ठेवा, पुन्हा ताज्या पाण्यात टाका: ठिपक्यातून काडी बाहेर येते, आणि ती काडी उंदराला मारते. मेंढपाळाची जमीन अशी बाधत होती.

शरीरविकृतीचे प्राध्यापक कोनहाइम यांच्यापर्यंत बातमी पोचते. (हो, एक कोन आणि एक कोनहाइम. गोंधळ होणार, त्याला इलाज नाही.) तेही येऊन बघतात, त्यांचा सहायक वायगर्ट बघतो. खोलीत गर्दी होते, खोकले होतात, खुर्च्या सरकतात. कोन यांना मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा आनंद झालाय, कारण हाच खेळ त्यांनी आपल्या निरुपद्रवी गवती काड्यांत पाहिलेला आहे. दोन्ही काड्या दिसायला जवळपास जुळ्या. फरक एवढाच की गवतातली पोहते आणि काळपुळीची जागची हलत नाही. कॉखचा लेख कोन आपल्याच नियतकालिकात त्याच वर्षी छापतील. कॅमेरा जोडलेला नाही, म्हणून चित्रं हातानं काढायची. दिसलं ते सगळं त्यांनी पेन्सिलीनं टिपलं.

पण त्या ठिपक्यापाशी येऊन त्यांचं भिंग थांबतं. काडीला कधी वाटतं की आता ठिपका व्हायची वेळ झाली? कसं वाटतं? ते पेन्सिलीत येत नाही. तेव्हा संध्याकाळी सगळे गेले, दिवा मंद झाला, की तुम्ही तेवढे मागं राहा. टेबलावरच्या उबेच्या पेटीत कोन यांच्या गवती काढ्याचा एक थेंब आहे. श्वास रोखा. आता लहान व्हायचंय.

आणखी लहान. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन, एवढी तुमची लांबी.

पहिली गोष्ट अंगाला कळते ती पाण्याची. ते वाहत नाही, अडवतं. तुमच्या अंगावर लांब फिरते धागे आहेत, त्यांच्या जोरावर तुम्ही पुढे जाताय. धागे थांबवून बघा. थांबलात. घसरलात किती? एका अणूच्या रुंदीइतकंही नाही. या मापाच्या जगात वेग साठत नाही. आणि कुणी तरी सतत ढकलतंय, चारी बाजूंनी, एक क्षणही उसंत न देता. ते पाण्याचे रेणू आहेत. त्यांना तुमच्याशी वैर नाही, ते सगळ्यांनाच ढकलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सुबत्ता. शिजलेल्या गवतातून साखर, अमिनो आम्लं, क्षार, सगळं पाण्यात उतरलंय. तुम्ही नुसते आहात म्हणून ते तुमच्यात येतंय. बाजूचा पेशीबंधू मधोमध आवळला गेला आणि एकाचे दोन झाले. तुम्हीही झालात. चांगल्या दिवसांत वीस-तीस मिनिटांत एक पिढी होते, म्हणजे चर्चमधलं एक प्रवचन संपेपर्यंत तुम्ही आजोबा.

या सुबत्तेत तुमच्या पोटात कोण जागं आहे ते बघा. डीएनएवर ठिकठिकाणी एक प्रथिन ठाण मांडून बसलंय. त्याला कॉड-वाय म्हणतात. त्याच्या अंगात दोन तऱ्हेच्या खाचा. एकीत आयसोल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन या अमिनो आम्लांपैकी कुणीतरी येऊन बसतं. दुसरीत जीटीपी नावाचा रेणू, जो पेशीत इंधन आणि कच्चा माल मुबलक असतानाच मुबलक असतो. दोन्ही खाचा भरलेल्या असल्या की कॉड-वाय डीएनएला घट्ट धरून ठेवतं आणि दोनशेहून जास्त जनुकांवर त्याचा वचक राहतो. ती बहुतेक सगळी तंगीच्या दिवसांची जनुकं. दिवस बरे असताना उघडायची गरजच नाही.

रात्र चढते. खोली गार होते, पण थेंब उबेच्या पेटीत आहे. तुम्ही आता कोट्यवधी झाला आहात. पोहायला गेलात की कुणाच्या तरी अंगावर आपटता. साखर सापडते, पण शोधावी लागते. ल्युसिनसाठी थांबावं लागतं. आत जीटीपी उतरतोय. कॉड-वायच्या खाचा रिकाम्या होतात आणि एकेक कॉड-वाय डीएनएवरून सुटू लागतं. ही तुमची भूक. पोटात कुठं कालवाकालव नाही, तुमच्याकडे तसलं पोटच नाही. एक प्रथिन आपली पकड सोडतं, एवढीच भूक.

आता गंमत बघा. माणूस असतात तर म्हणाला असतात, उपास पडतोय, चला, गुंडाळून झोपू. जिवाणू तसं करत नाही. आधी दुसरं सगळं करून बघतो. पाचक विकरं बाहेरच्या पाण्यात सोडतो आणि तिथला पालापाचोळा बाहेरच पचवून घेतो. आणखी जोरात पोहून बघतो, कुठं काही उरलंय का. बाहेर तरंगणारे मेलेल्यांच्या डीएनएचे तुकडेही काही जण आत ओढून घेतात. काही जण चिकट द्रव्य पाझरून एकमेकांना धरून राहतात, आणि त्यातून ती वरची सुरकुतलेली साय तयार होते. सकाळी कोन यांनी सुईनं उचललेली साय म्हणजे तंगीतल्या लोकांनी धरलेले हात.

आणि याच वेळी, आत, ती साखळी सुरू होते.

आपल्याकडे स्लॅब टाकताना तुम्ही उभे राहून बघितलं असेल: खालून वरपर्यंत माणसांची रांग, घमेलं या हातातून त्या हातात, त्यातून पुढच्या. इथं घमेल्यात एकच गोष्ट, फॉस्फेटचा एक गट. पहिला हात किन-ए नावाच्या प्रथिनाचा. किन-ए एटीपी या इंधनाच्या रेणूमधून फॉस्फेट काढून आधी स्वतःवर घेतं, मग स्पो-झीरो-एफला देतं. एफ ते स्पो-झीरो-बीला देतं. बी ते स्पो-झीरो-एला. आणि हे शेवटचं ए फॉस्फेट मिळालं की डीएनएवर जाऊन बसतं आणि जनुकं चालू-बंद करायला लागतं. किन-एसारखी आणखीही चार प्रथिनं आहेत, तीही आपापल्या परीनं घमेली भरतात.

एवढी रांग कशाला? भूक लागली की किन-एनं सरळ ए ला फॉस्फेट द्यावं, मोकळं व्हावं. दोन हातांत काम झालं असतं. किती तरी जिवाणूंमध्ये तसंच होतं. पण रांगेत जितके हात, तितक्या वेळा कुणीतरी मध्ये घुसून घमेलं सांडू शकतं. आणि सांडणारे आहेत. रॅप-ए नावाचं प्रथिन एफच्या हातातलं फॉस्फेट काढून पाण्यात फेकून देतं. दुसरं एक प्रथिन खुद्द ए च्या हातातलं काढतं. डीएनएची नक्कल अर्धवट असेल तर एसडीए नावाचं छोटं प्रथिन किन-एलाच धरून ठेवतं. तुमच्या आत आता या क्षणी घमेली भरणारे आणि सांडणारे, दोन्ही जोरात आहेत.

या सगळ्यांत माझा जीव रॅप-एवर आहे, कारण त्याला गप्प करायची तऱ्हा. प्रत्येक पेशी एक छोटं प्रथिन बाहेर सोडते. बाहेर ते कातरलं जाऊन पाच अमिनो आम्लांचा तुकडा उरतो, आणि तोच तुकडा पेशी पुन्हा आत ओढून घेते. आत येऊन तो रॅप-एला अडवतो. स्वतःच पाठवलेलं स्वतःच उचलायचं, हा वेडेपणा वाटतो ना? पण आजूबाजूला कोट्यवधी भावंडं असली की पाणी या तुकड्यांनी भरून जातं, आणि एकटे असलात तर तुमचा तुकडा वाहून जातो. म्हणजे भुकेच्या जोडीला गर्दीही मोजली जाते. एकट्या-दुकट्याला भूक लागली तर रॅप-ए सांडत राहतं. सगळा गाव उपाशी असेल तेव्हा ते मुकाट होतं.

कोन यांच्या भिंगातून हे हेलकावे दिसण्याची सोय नव्हती. त्यांना शेवटी झालेला ठिपका दिसला. आधीची चालढकल दिसली नाही, आणि खरी करामत तर त्या चालढकलीत आहे. ही रांग माणसाला दिसली ती ११५ वर्षांनी. बीजाणू न होणारे बिघडलेले जिवाणू जमवून, ते कुठल्या टप्प्यावर अडकलेत यावर फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले होते. सुरुवातच करू न शकणारे ते झीरो, म्हणून स्पो-झीरो. आणि रांगेतला प्रत्येक हात कुणाच्या हातात देतो हे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथं जेम्स होक यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं.

पण तुम्ही थेंबात आहात, आणि आता सावध राहा. ए वर थोडं फॉस्फेट जमलं की तुमच्या शेजाऱ्यांतले काही जण विष सोडायला लागतात. त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही; ते स्वतःला त्यातून वाचवण्याची तजवीज आधीच करतात. ज्या भावंडांत ए अजून निजलेलं आहे ती फुटतात. त्यांच्यातलं अन्न पाण्यात सांडतं. वाचलेले ते खातात, आणि बीजाणू व्हायचं पुन्हा थोडं लांबणीवर पडतं. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे उघडकीला आणलं आणि त्याला सरळ स्वजातिभक्षण म्हटलं. बीजाणू होणं म्हणजे शांतपणे डोळे मिटणं, अशी तुमची कल्पना असेल तर ती इथंच थेंबात सोडून द्या. भाऊ खाऊन झाल्यावरही काही उरलं नाही, तरच ती वेळ येते.

आली. आता ए वर फॉस्फेट पुरेसं साठलंय. तुमच्या अंगात एक भिंत उभी राहते, पण मधोमध नाही, एका टोकाशी. एरवी दोन सारखे भाग व्हायचे. आज एक मोठा, एक छोटा. छोट्या भागात तुमच्या गुणसूत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा आलाय, बाकीचा भिंतीच्या पलीकडे अडकलाय. भिंतीत बसवलेला एक पंप तो राहिलेला दोर ओढायला लागतो. ओढतो, ओढतो, पूर्ण आत घेतो. यानंतर बाहेर साखरेची पिशवी उपडी केली तरी तुम्ही परत फिरणार नाही.

मोठा भाग छोट्याला वेढायला लागतो, चारी बाजूंनी, आणि पूर्ण पोटात घेतो. दोघं एकमेकांना निरोप पाठवतात: माझं झालं, आता तू चालू कर, तुझं झालं, आता मी. एकाचा निरोप आल्याशिवाय दुसरा पुढचं जनुक उघडत नाही. छोट्याभोवती जाड भिंत चढते, तिच्यावर प्रथिनांचे थर, सत्तरएक तऱ्हेची प्रथिनं. आतलं पाणी हळूहळू काढून घेतलं जातं आणि त्याच्या जागी डायपिकोलिनिक आम्ल नावाचं द्रव्य कॅल्शियमसकट कोंबलं जातं. डीएनएला लहान लहान प्रथिनं चिकटतात, उष्णतेनं आणि उन्हानं ते तुटू नये म्हणून. तुम्ही कुठे आहात आता? मोठ्या भागात असाल तर तुमचं काम संपत आलंय. सगळं बांधून झालं की मोठी पेशी स्वतः फुटते. तिचं काहीच पुढे जात नाही, आत वाढवलेला तेवढा बीजाणू बाहेर पडतो. सुरुवातीपासून इथवर सात-आठ तास.

उजाडलं. खालून प्रचंड उजेड आला, म्हणजे कोन यांनी थेंब भिंगाखाली घेतला. त्यांना थेंबात लखलखणारा ठिपका दिसतोय. तो तुम्ही.

आता ते थेंब काढ्याच्या भांड्यात परत टाकून भांडं चुलीवर ठेवणार. घाबरू नका. तासभर उकळी. सगळीकडे गलका, बुडबुडे, भावंडांची प्रथिनं गोळा होऊन घट्ट होतात, ज्यांना बीजाणू व्हायला उशीर झाला ते सगळे शिजून गेले. तुम्हाला काही झालं नाही. नेमकं हेच कोन यांना म्हणायचं होतं: उकळलेल्या बाटलीत जीव आपोआप जन्मत नाहीत, उकळीतून वाचलेले ठिपके पुन्हा उगवतात.

ब्रेस्लाऊ झालं. आता लंडनला चला, कारण त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिथं एका माणसाचं डोकं फिरलंय.

अल्बेमार्ल स्ट्रीट, रॉयल इन्स्टिट्यूशन. गॅसचे दिवे दुपारीच लावलेत. बाहेर पिवळं धुकं, आत कोळशाची शेगडी, काचेच्या शेकडो कुप्या. जॉन टिंडल, आयरिश माणूस, फॅरेडेचा उत्तराधिकारी, आणि हौशीनं आल्प्स चढणारा. आधी त्यानं उकळलेले अर्क महिने महिने स्वच्छ राखून दाखवले होते. मग प्रयोगासाठी जुनं, चांगलं वाळलेलं गवत आणलं आणि सगळा खेळ बिघडला. गवताचा काढा तास न्‌ तास उकळला तरी दोन दिवसांत गढूळ. त्याहून वाईट म्हणजे मांसाचे, भाज्यांचे अर्क, जे पूर्वी पाच मिनिटांत निर्जंतुक व्हायचे, तेही आता नासायला लागले. गवतानं खोलीच बाटवली होती. तुमच्यासारखे लाखो ठिपके हवेत, फडताळावर, पुस्तकांवर बसलेले. टिंडल कुप्या घेऊन शेवटी क्यू बागेतल्या नव्या प्रयोगशाळेत पळाला, आणि तिथं अर्क पुन्हा स्वच्छ राहू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात तो सीलबंद कुप्यांची पेटी घेऊन आल्प्समध्ये गेला. काही कुप्या त्यानं गवताच्या माळ्यावर उघडल्या, काही हिमनदीच्या वरच्या कड्यावर, वारा समोरून घेऊन. माळ्यावरच्या जवळजवळ सगळ्या नासल्या. कड्यावरच्या निवळशंख राहिल्या. माळ्यावर उभं राहून आपण किती बीजाणू नाकात ओढतो, याचा विचार शेतकऱ्याच्या घरी सुटी घालवताना करू नये.

पण खरी युक्ती त्याला त्याआधी, हिवाळ्यातच सुचली. तुम्ही त्याच्या एका कुपीत आहात. तो काढा क्षणभर उकळीला आणतो आणि चूल बंद करतो. तुम्हाला हसू येतं. तासभर उकळून काही झालं नाही, क्षणभरानं काय होणार? काढा कोमट होतो. बाहेर लंडनच्या घोडागाड्यांचा खडखडाट. आणि तुमच्या कवचाला काहीतरी लागतं.

ॲलानीन. साधं अमिनो आम्ल, गवतातलंच. तुमच्या आतल्या पटलात जर-ए नावाचं प्रथिन जागेवर बसून होतं, एवढ्याच पाहुण्याची वाट पाहत. तुम्ही बंद असलात तरी ते तेवढं राखलेलं आहे. त्याला फॉस्फेट लागत नाही, रांग लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. ॲलानीन बसलं की डायपिकोलिनिक आम्ल भस्‌कन बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, भिंत वितळते. झोपताना सात-आठ तास आणि हजार विचार. उठायला काही मिनिटं. उकळीचा चटकाही काहींना उठवायला मदत करतो. आता तुम्ही पुन्हा मऊ, ओलसर, भुकेली काडी आहात. बारा तास गेले, टिंडल परत आला आणि त्यानं पुन्हा चूल पेटवली.

या वेळी तुम्ही मेलात.

सलग उकळून जे साधलं नाही ते मिनिटामिनिटाच्या उकळ्यांनी साधलं, मध्ये उगवायला वेळ दिल्यामुळे. १८७७ च्या फेब्रुवारीत त्यानं हे जीवशास्त्रज्ञ हक्सलेला पत्रानं कळवलं. पण टिंडल दोन उकळ्यांवर थांबला नाही, तिसरी दिली, चौथी दिली, आणि ते त्यानं बरं केलं. कारण बीजाणूंच्या कुठल्याही ढिगात काही असे निघतात, ज्यांच्या पटलात जर-एसारखी प्रथिनं फारच थोडी बसवलेली असतात. ॲलानीन त्यांच्या दाराशी येतं आणि निघून जातं. शेजारी उठतात, उकळीत सापडतात. हे तसेच पडून राहतात. दुसऱ्या उकळीला नाही, तिसऱ्याला नाही, कदाचित चौथ्याच्या आदल्या रात्री त्यांतला एखादा डोळे किलकिले करतो. टिंडलच्या कुप्यांमधले किती जण पाचव्या उकळीलाही झोपेतच होते, हे त्या कुप्यांनाच ठाऊक. पण त्याच्या उरलेल्या जुन्या गवताचा भारा कुणी पुन्हा आत आणू नये म्हणून दारावर माणूस बसवायला मात्र माझी हरकत नसती.